काँगोला युरोपची फौज नको, नकार हवा

२७ जानेवारी २०२५ रोजी एम२३ हा बंडखोर गट आणि त्याच्या पाठीशी उभे असलेले रवांडाचे सैनिक गोमा शहरात शिरले. तीन आठवड्यांत बुकावूही गेले. उत्तर आणि दक्षिण किवू या पूर्व काँगोतल्या दोन्ही प्रांतांच्या राजधान्या हातच्या गेल्या आणि लाखो माणसे पुन्हा एकदा बोचकी उचलून रस्त्यावर आली. तेव्हापासून आपल्याकडे या विषयावर जे थोडेफार बोलले-लिहिले जाते, त्यात दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, युक्रेनसाठी तिजोऱ्या उघडणाऱ्या युरोपला काळ्या माणसाच्या जिवाची किंमत नाही, नाहीतर त्याने केव्हाच फौज पाठवली असती. दुसरा म्हणतो, बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाच्या काळात रबरासाठी काँगोतल्या माणसांचे हात तोडणाऱ्या युरोपने तिथे पाऊलही ठेवू नये, आफ्रिकेचे आफ्रिका बघून घेईल. दोघांचाही संताप खरा आहे. पण दोघेही एकाच चुकीच्या प्रश्नावर भांडत आहेत: युरोपने काँगोत जावे की जाऊ नये?

युरोप काँगोतून कधी बाहेर पडलेलाच नाही. रवांडाच्या राजधानीत, किगालीला, जाणाऱ्या मदतीच्या रूपाने तो तिथे आहे. टँटलम हा धातू देणारे कोल्टन, कथिल आणि सोन्याच्या खरेदीच्या रूपाने आहे. सुरक्षा परिषदेत काँगोविषयीच्या ठरावांचा मसुदा फ्रान्स लिहितो, त्या रूपानेही आहे. मग विचारायचे ते एवढेच, की हातात असलेल्या या ताकदीचे त्याने काय केले? माझे मत स्पष्ट आहे. युरोपने सैनिक पाठवले तेव्हा एखादे शहर काही आठवडे वाचले. पैसा रोखला तेव्हा युद्धाला आवर बसला. आणि पैसा चालू ठेवून निषेधाची पत्रके काढली, तेव्हा शहरे पडली. काँगोला युरोपकडून हवा आहे तो नकार: मदत द्यायला, खनिज घ्यायला, युद्ध चालवणाऱ्याशी करार करायला नकार.

फौजेचा आग्रह धरणारे 'आर्तेमिस' मोहिमेचे उदाहरण देतात आणि ते वजनदार आहे. मे २००३ मध्ये युगांडाचे सैन्य ईशान्य काँगोतल्या इतुरीतून निघून गेले आणि तिथल्या बुनिया शहरात हेमा आणि लेंडू या जमातींच्या टोळ्यांनी कत्तल मांडली. तिथे असलेली संयुक्त राष्ट्रांची उरुग्वेची तुकडी संख्येने तोकडी आणि अधिकाराने त्याहून तोकडी होती. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे महासचिव कोफी अन्नान यांनी मदत मागितली, ३० मे रोजी सुरक्षा परिषदेने ठराव १४८४ केला आणि जूनमध्ये फ्रान्सच्या नेतृत्वाखाली युरोपीय संघाची फौज बुनियाच्या विमानतळावर उतरली. नाटोच्या आधाराशिवाय युरोपबाहेर काढलेली संघाची ही पहिली लष्करी मोहीम. गोळीला गोळीने उत्तर मिळते हे कळताच टोळ्या शहराबाहेर सरकल्या, पळालेली कुटुंबे परतू लागली. यात अनेकांचे जीव वाचले आणि ते मान्य न करणे अन्यायाचे होईल. पण मोहिमेची मर्यादा ठरावातच लिहिलेली होती: बुनिया शहर, तिथला विमानतळ, विस्थापितांच्या छावण्या, मुदत १ सप्टेंबरपर्यंत. शहराची हद्द संपली की कत्तली चालूच होत्या. मुदत संपताच युरोपीय सैनिक घरी गेले आणि जबाबदारी बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तान आणि उरुग्वेच्या सैनिकांवर आली. फेब्रुवारी २००५ मध्ये त्याच इतुरीत दबा धरून केलेल्या हल्ल्यात नऊ बांगलादेशी सैनिक मारले गेले. ब्रसेल्सला, म्हणजे युरोपीय संघाच्या मुख्यालयाला, मात्र आर्तेमिसचे यश इतके भावले, की त्या धर्तीवर पंधराशे सैनिकांची सज्ज दले उभारली गेली. २००७ पासून ती पाळीपाळीने तयार असतात. आजवर त्यांतले एकही दल कुठल्याही संघर्षात उतरलेले नाही.

२००६ च्या निवडणुकीसाठी गेलेली दुसरी युरोपीय फौज तर प्रामुख्याने काँगोच्या राजधानीत, किन्शासातच राहिली. मोहिमेचे मुख्यालय जर्मनीतल्या पॉट्सडॅमला होते आणि राखीव तुकड्या गॅबनमध्ये. ज्या किवूमध्ये माणसे मरत होती, ते किन्शासापासून दीड हजार किलोमीटर पूर्वेला होते.

या दोन मोहिमांपेक्षा मला मोलाचे वाटते ते एक काम, ज्याची आठवण फार कोणी काढत नाही. २००५ ते २०१६ या काळात युरोपीय संघाचे एक छोटे सल्लागार पथक काँगोच्या लष्करात पगाराची घडी बसवत होते. तोवरची पद्धत अशी: पगाराची रोकड वरिष्ठ अधिकाऱ्याकडे यायची, तो ती खाली वाटायचा, आणि वाटता वाटता ती आटायची. कागदावर हजारो सैनिक असे होते, जे प्रत्यक्षात कुठेच नव्हते; त्यांचा पगार मात्र नियमित निघत होता. खरोखर सीमेवर उभा असलेला शिपाई उपाशी, म्हणून तो गावातल्या बाईची कोंबडी आणि पोत्यातला मका उचलणार. युरोपीय पथकाने सैनिकांची बोटांच्या ठशांसह गणना केली, ओळखपत्रे दिली, आणि हुकूम देणाऱ्याच्या हातून पैसे वाटण्याचे काम काढून घेण्याचा आग्रह धरला. यात ना पराक्रम होता, ना छायाचित्रांचे प्रसंग. पण काँगोच्या सामान्य माणसाला सर्वांत जास्त भीती ज्याची वाटते, तो स्वतःच्याच देशाचा उपाशी शिपाई आहे, हे ज्यांनी ओळखले ते खऱ्या दुखण्यापाशी पोचले होते. त्या सुधारणा अर्ध्यावर राहिल्या, कारण किन्शासातल्या सेनापतींचे आणि नेत्यांचे हितसंबंध त्या गळतीतच होते. मग गोमाच्या रक्षणासाठी काँगो सरकारने काय केले? इतर उपायांबरोबर पैसे मोजून रोमानियन भाडोत्री सैनिक आणले. २०२५ च्या जानेवारीत शहर पडले तेव्हा त्यांतल्या सुमारे तीनशे जणांनी शरणागती पत्करली आणि रवांडामार्गे मायदेश गाठला.

आता पैसा रोखल्यावर काय घडले ते पाहू. ऑक्टोबर २००८ मध्ये लॉरां न्कुंडाचे बंडखोर गोमाच्या वेशीवर आले होते. संयुक्त राष्ट्रांनी युरोपकडे काही महिन्यांपुरती फौज मागितली. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री बर्नार कुश्नेर आणि ब्रिटनचे डेव्हिड मिलिबँड विमानाने गोमाला जाऊन आले, पण फौजेवर एकमत झाले नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात किवांजा गावात बंडखोरांनी घराघरांतून पुरुष आणि तरुण मुले बाहेर काढून सुमारे दीडशे जणांना ठार केले. पण डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी या बंडामागचा रवांडाचा हात पुराव्यानिशी दाखवला आणि नेदरलँड्स व स्वीडन यांनी रवांडाची अर्थसंकल्पीय मदत थांबवली. जानेवारी २००९ मध्ये त्याच रवांडाने न्कुंडाला अटक केली. केवळ दोन देशांच्या मदतीमुळे हे घडले असे मी म्हणणार नाही. किगाली आणि किन्शासा यांच्यात पडद्याआड सौदाही झाला होता. पण जो माणूस आपल्या सांगण्यातला नाही असे रवांडा वर्षानुवर्षे म्हणत होता, तो महिन्याभरात त्याच्याच अटकेत कसा गेला?

चार वर्षांनी तेच पुन्हा घडले, अधिक ठळकपणे. २०१२ मध्ये एम२३ उभी राहिली. तज्ज्ञांचा अहवाल येताच नेदरलँड्स, जर्मनी, स्वीडन, ब्रिटन आणि युरोपीय संघाने मदत थांबवली किंवा लांबणीवर टाकली. त्या काळी रवांडाच्या अर्थसंकल्पाचा सुमारे ४० टक्के भाग परदेशी मदतीवर चालत होता. २० नोव्हेंबरला एम२३ने गोमा घेतले आणि १ डिसेंबरला ते सोडले. मार्च २०१३ मध्ये सुरक्षा परिषदेने दक्षिण आफ्रिका, टांझानिया आणि मलावी यांच्या सैनिकांची आक्रमक ब्रिगेड मंजूर केली आणि नोव्हेंबरमध्ये एम२३ मोडून पडली. ती लढाई जिंकली आफ्रिकी सैनिकांनी आणि काँगोच्या लष्कराने, याचे श्रेय त्यांचेच. पण त्या वेळी सीमेपलीकडून रसद आणि कुमक पूर्वीसारखी आली नाही, म्हणून ती जिंकता आली. पैशाचा दाब आणि मैदानातली ताकद, दोन्ही एका वेळी एका दिशेने लागली. असे पंचवीस वर्षांत एकदाच झाले.

म्हणून नंतरची कहाणी अधिक चीड आणते. नोव्हेंबर २०२१ मध्ये एम२३ने पुन्हा शस्त्रे उचलली आणि जून २०२२ मध्ये बुनागाना घेतले. युगांडाच्या हद्दीवरचे हे ठाणे. रवांडाचे सैनिक काँगोच्या हद्दीत लढत असल्याचे अहवाल त्याच वर्षापासून येऊ लागले. मग युरोपने काय केले? डिसेंबर २०२२ मध्ये रवांडाच्या लष्कराला दोन कोटी युरो मंजूर केले. हेतू मोझांबिकच्या काबो देल्गादो प्रांतातल्या जिहादी बंडाशी लढण्याचा होता आणि तो बंदोबस्त गरजेचाही होता. फ्रेंच कंपनीचा प्रचंड वायुप्रकल्प तिथेच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये संघाने रवांडाशी महत्त्वाच्या कच्च्या मालाबाबत समझोता केला, त्यात टँटलमचाही समावेश होता. दोन महिन्यांनी एम२३ने रुबाया घेतले. जगातल्या कोल्टनचा सुमारे १५ टक्के हिस्सा या एका डोंगराळ पट्ट्यातून येतो. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी लिहिले, की तिथून महिन्याला सुमारे १२० टन कोल्टन रवांडात जाते आणि त्यावरच्या करातून बंडखोरांना महिन्याला आठ लाख डॉलर मिळतात. जुलै २०२४ च्या अहवालात तीन ते चार हजार रवांडन सैनिक काँगोत असल्याचा अंदाज होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संघाने मोझांबिकसाठी आणखी दोन कोटी युरो मंजूर केले. सव्वादोन महिन्यांनी गोमा पडले.

या मांडणीवर घेतले जाणारे आक्षेप दुबळे नाहीत. सर्वांत गंभीर आहे तो १९९४ चा. रवांडात शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली, बहुतांश तुत्सी जमातीची. दहा बेल्जियन सैनिकांची हत्या होताच बेल्जियमने आपली तुकडी काढून घेतली आणि २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने तिथली शांतिसेना २७० माणसांवर आणली. जूनमध्ये फ्रान्सने काढलेल्या मोहिमेच्या छत्राखालून नरसंहार करणारे सैन्य आणि टोळ्या सीमा ओलांडून काँगोत गेल्या. त्याच माणसांतून पुढे एफडीएलआर हा गट तयार झाला, आणि काँगोच्या लष्कराने त्याच्याशी हातमिळवणी केल्याचेही त्याच तज्ज्ञांनी नोंदवले आहे. काँगोतल्या तुत्सींविरुद्ध विखारी भाषणे होतात, त्यांच्यावर हल्ले होतात. तेव्हा पाठ फिरवणारा युरोप आज रवांडाला सुरक्षेचे धडे कोणत्या तोंडाने देतो, असे रवांडाचे राष्ट्राध्यक्ष कागामे विचारतात. हा प्रश्न झटकून टाकता येत नाही, झटकूही नये.

पण त्या अपराधाची भरपाई कोणी करायची? रुबायाच्या खाणीत ढिगाऱ्याखाली जाणाऱ्या मजुराने? बुकावूतल्या शाळामास्तराने? आणि धोका सीमेवरच्या एफडीएलआरचा असेल, तर खाणींवर कर बसवण्याची, प्रांतांत आपले प्रशासक नेमण्याची, टांगानिका सरोवराच्या काठावरच्या उविरापर्यंत धडक मारण्याची गरज कुठून आली? १९९४ मध्ये युरोपने चूक केली ती माणसे मरताना पाहूनही आपले संबंध जपण्याची. आज रवांडाबाबत गप्प बसणे म्हणजे तीच चूक पुन्हा करणे आहे, फक्त मरणारी माणसे वेगळी आहेत. एफडीएलआरला निःशस्त्र करण्यासाठी किन्शासावर दाब आणा, तुत्सींवरच्या हल्ल्यांना चिथावणी देणाऱ्यांवरही निर्बंध घाला. मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे. एका शेजाऱ्याला दुसऱ्याचे प्रांत देऊन तो प्रश्न सुटत नाही.

दुसरा आक्षेप असा, की निर्बंधांनी चर्चा मोडते. १७ मार्च २०२५ रोजी संघाने अखेर रवांडाचे लष्करी अधिकारी, तिथल्या खाण मंडळाचे प्रमुख, किगालीतला सोने शुद्धीकरण कारखाना आणि एम२३चे नेते यांच्यावर निर्बंध घातले. त्याच दिवशी रवांडाने बेल्जियमशी राजनैतिक संबंध तोडले आणि दुसऱ्या दिवशी अंगोलात होणाऱ्या बोलण्यांतून एम२३ने अंग काढून घेतले. कारण म्हणून निर्बंधांकडेच बोट दाखवले. टीकाकारांना पुरावा मिळाला. पण १८ मार्चलाच कागामे आणि काँगोचे राष्ट्राध्यक्ष त्शिसेकेदी दोहामध्ये कतारच्या अमीरासमोर एकत्र बसले, आणि काही आठवड्यांत एम२३चे प्रतिनिधीही दोहाला पोचले. चर्चेची जागा बदलली, चर्चा मेली नाही. निर्बंधांचा खरा दोष त्यांच्या वेळेत होता. फेब्रुवारीतच ते व्हायचे होते, पण लक्झेम्बर्गने अडवून धरले. युरोपीय संसदेने खनिज समझोता स्थगित करण्याची मागणी केली. आयोगाने तो रद्द न करता पुनर्विचाराखाली ठेवला. शहरे पडून गेल्यावर घातलेल्या निर्बंधाने पडणारे शहर कसे वाचणार?

तिसरा आक्षेप: आता युरोपला विचारतो कोण? रवांडाला आखाती देश आहेत, चीन आहे, परदेशी मदतीवरचे त्याचे अवलंबित्वही २०१२ इतके राहिलेले नाही. हे खरे आहे. करारही आता वॉशिंग्टनमध्ये होतात. २७ जून २०२५ ला परराष्ट्रमंत्र्यांनी सह्या केल्या, ४ डिसेंबरला दोन्ही राष्ट्राध्यक्षांनी, आणि त्यानंतर आठवडाभरात एम२३ उविरात शिरली. ऑक्टोबरमध्ये पॅरिसला परिषद भरली, दीड अब्ज युरोंच्या मदतीची आश्वासने मिळाली, गोमाचा विमानतळ मदतीच्या विमानांसाठी उघडेल असे मॅक्रॉन यांनी जाहीर केले, आणि एम२३ने ते तिथल्या तिथे फेटाळले. ज्याच्याकडे विमानतळाचा ताबा आहे त्याला काही गमवावे लागणार नसेल, तर तो का ऐकेल? पण यातून निघणारा निष्कर्ष 'युरोप निरुपयोगी' असा नाही. वॉशिंग्टनचा करार टिकायचा तर तो मोडणाऱ्याला किंमत मोजावी लागली पाहिजे, आणि मोठ्या बाजारपेठा एकत्र दार लावतात तेव्हाच ती किंमत भारी पडते. २०२१ पासून लागू असलेला युरोपचा संघर्ष-खनिजांचा कायदा कथिल, टँटलम, टंगस्टन आणि सोने आयात करणाऱ्यांना माल कुठून आला हे तपासायला सांगतो. तयार मोबाइल किंवा लॅपटॉपमधून आलेले टँटलम त्याच्या कक्षेत येत नाही. ती फट बुजवायला कोणाची फौज लागत नाही.

राहिला 'आफ्रिकेचे आफ्रिका बघेल' हा मुद्दा. आफ्रिकेने बघितले. पूर्व आफ्रिकी समुदायाची फौज २०२२ मध्ये गेली आणि वर्षभरात परत आली. मग दक्षिण आफ्रिका, मलावी आणि टांझानियाची गेली; गोमाच्या लढाईत एकट्या दक्षिण आफ्रिकेचे चौदा सैनिक पडले आणि उरलेल्यांना वाटाघाटी करून बाहेर काढावे लागले. लुआंडा आणि नैरोबीतल्या वाटाघाटींनी वर्षे घेतली. त्यांची इच्छा कमी पडली असे कोण म्हणेल? ज्या पैशावर समोरची बाजू लढत होती, तो आफ्रिकेच्या हातात नव्हता. तो होता तिथून थांबवणे म्हणजे वसाहतवाद, हा युक्तिवाद मला समजत नाही. वसाहतवाद म्हणजे काँगोचा माल न्यायचा आणि काँगोच्या माणसाचे ऐकायचे नाही. डॉक्टर डेनी मुकवेगे बुकावूत बलात्कारपीडित स्त्रियांवर उपचार करता करता वर्षानुवर्षे निर्बंध आणि न्याय मागत आले आहेत. २०१८ चे शांततेचे नोबेल देऊन युरोपने त्यांचा सत्कार केला. त्यांची मागणी मान्य करायला मग इतका वेळ का?

आपला यात संबंध किती? काँगोच्या मातीत भारतीय सैनिकांचे रक्त १९६१ पासून सांडले आहे. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया त्या डिसेंबरात कटांगाच्या एलिझाबेथव्हिलमध्ये पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. गेली दोन दशके गोमा आणि उत्तर किवूचा भार मुख्यतः भारतीय ब्रिगेडने वाहिला आहे. किवांजाच्या कत्तलीवेळी मैलभराच्या आत असलेला तळही भारतीयच होता: एक कंपनी, सोबत पुरेसे दुभाषेही नाहीत. त्या दिवसाबद्दल आपल्या सैनिकांना जगभर दोष मिळाला. जुलै २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांविरुद्ध संताप उसळला, तेव्हा बुटेम्बोत सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान मारले गेले. आदेशाचा मसुदा फ्रान्सने लिहायचा, खर्चाचा जवळजवळ पाव हिस्सा युरोपीय संघाच्या देशांनी द्यायचा, रवांडाशी खनिजांचा समझोताही त्यांनीच करायचा, आणि त्या समझोत्याने पोसलेल्या बंडखोरांसमोर उभे राहायचे दक्षिण आशियातल्या जवानाने. शांतिसेनेच्या अपयशावर आपण रागाने लिहितो, पण ही वाटणी आपण कधी उघडपणे नाकारली का? सैन्य देणारा देश म्हणून न्यू यॉर्कमध्ये भारत हा प्रश्न मांडू शकतो: आदेश लिहिणाऱ्याने समोरच्या पक्षाशी त्याचे कोणते व्यवहार आहेत, हे आधी जाहीर करावे.

मात्र तो प्रश्न विचारताना एक गोष्ट आपल्यालाही मांडावी लागेल. पूर्व काँगोतले सोने चोरवाटांनी युगांडा-रवांडात आणि तिथून दुबईला जाते, हे संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ वर्षानुवर्षे लिहीत आले आहेत. दुबईहून भारतात सोने येते, २०२२ च्या व्यापार करारानंतर ठरावीक प्रमाणात सवलतीच्या शुल्काने. त्यातला कुठला कण बुनियाच्या ओढ्यातला आणि कुठला आणखी कुठला, हे झवेरी बाजारातल्या किंवा जळगावच्या पेढीवर बसलेल्या सराफाला कळायची सोय नाही, कारण आपल्या कायद्याने ते विचारायला सांगितलेलेच नाही. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, ते कुठून आले हे सांगत नाही. युरोपच्या कायद्यात फटी आहेत. आपल्याकडे असा कायदाच नाही. आयात होणाऱ्या सोन्याची खाणीपर्यंतची नोंद सक्तीची करण्याचा निर्णय दिल्लीच्या हातात आहे आणि त्यासाठी ब्रसेल्सच्या परवानगीची गरज नाही.